नदीच्या दप्तरात माशांची नोंद

शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. बाजाराला निघालेला शेतकरी ‘घोडनदीला चाललो’ असे म्हणताना आपण गावाचे नाव घेतो आहोत की नदीचे, याचा विचारही मनात आणत नाही, इतकी माणसाची आणि पाण्याची सोयरीक ज्या मुलखात एके काळी सहज होती, त्या मुलखातल्या नद्यांत आज कोणते मासे नांदतात असा साधा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे खात्रीलायक आणि वर्षागणिक ताडून पाहता येईल असे उत्तर देणारा कागद मला तरी आजवर पाहायला मिळालेला नाही. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा आहे, त्यावर विहिरीची, झाडांची, पोटखराब्याची नोंद आहे, हक्कात बदल झाला तर फेरफार आहे. परंतु घोड, कुकडी, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या पाण्यात जे जीव आपल्या गावठाणांहूनही आधीपासून राहत आले, त्यांतला एखादा वंश कायमचा निघून गेला तर त्याचा फेरफार कोणत्याही दप्तरात होत नाही.

हे असे नेहमीच होते असे मात्र नाही. पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या काही वर्षांनी, 1824 साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. माणसे, गुरे, पिके, पर्जन्यमान, वजनेमापे यांची मोजदाद करीत तो 1831 पर्यंत या प्रदेशात हिंडला, आणि ज्या चिकित्सक वृत्तीने त्याने गावोगावच्या जमाबंदीचा तपशील टिपला त्याच वृत्तीने त्याने येथल्या पक्ष्यांची आणि माशांचीही टिपणे केली. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने 1839 साली प्रसिद्ध केला. त्या निबंधातली एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना साइक्सने कित्येकदा आपल्या नदीकाठची नावे जशी कानावर पडली तशीच लॅटिन लिपीत उतरवली. आपला घोगरा जगाच्या शास्त्रग्रंथांत ‘गोग्रा’ झाला, कोळस ‘कोलस’ झाला, पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला महसीर ‘खुद्री’ या नावाने नोंदला गेला. ही नावे त्याने येथल्याच मासेमारांच्या तोंडून ऐकली असणार. भोयांच्या बोलीतले शब्द आज जगातल्या मत्स्यसंग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर आहेत.

त्याच निबंधात शिरूरच्या घोडनदीत मिळालेल्या एका मोठ्या माशाचे वर्णन आहे. साइक्सने त्याचे नाव ‘बार्बस मुस्सुल्ला’ ठेवले. शिरूरला त्या काळी इंग्रजांची छावणी होती, तेव्हा हा अधिकारी तेथे मुक्कामाला असणे आणि नदीवरून आलेला मासा त्याच्यासमोर येणे हे स्वाभाविकच होते. पुढे मात्र या नावाच्या वाट्याला विलक्षण दैव आले. मूळ नमुना हाताशी नव्हता, वर्णन त्रोटक होते, आणि त्यामुळे नंतरच्या काळात सुंदरलाल होरा यांच्यासारख्या अधिकारी पंडितानेही हा मासा महसीरांच्या वंशात घातला. कित्येक दशके पुस्तकांतून आणि मत्स्यबीज केंद्रांच्या कागदांतून ‘मुस्सुल्ला’ म्हणजे एक प्रकारचा महसीर हेच चालत राहिले. साइक्सचा मासा महसीर नसून दुसऱ्याच वंशातला आहे, याची समाधानकारक शहानिशा भारतीय अभ्यासकांनी 2013 साली केली. शिरूरच्या नदीतला एक मासा इतका काळ चुकीच्या ओळखीच्या छायेत राहिला, ही हकीकत मी येथे सविस्तर सांगतो आहे याचे कारण पुढे जे सांगायचे आहे त्याच्याशी तिचा अगदी निकटचा संबंध आहे.

साइक्सच्या काळानंतर या पाण्यावर काय काय गुदरले त्याची यादी लांब आहे, आणि ती वाचकांना तोंडपाठ असल्यामुळे मी तिच्यावर रेंगाळत नाही. वर धरणे झाली, चिंचणीला घोड धरण झाले, खाली 1980 साली उजनी धरण पुरे होऊन त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. मधल्या पात्रात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले आणि ढापे टाकले की नदीचे तळ्यांच्या माळेत रूपांतर होऊ लागले. वाळू उपसली गेली, आणि ज्या रेतीत व गोट्यांत मासे अंडी घालीत ती जागाच नाहीशी झाली. पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि इंद्रायणीतून येथवर येते हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही, नाक पुरेसे आहे. भरीला बाहेरचे मासे आले. मूळचा आफ्रिकेतला तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला, आणि आज भिगवणच्या खाणावळीत ‘चिलापी’ म्हणून जो ताटात येतो तो याच घराण्यातला. पुणे परिसरातल्या माशांची फ्रेझर यांनी 1942 साली केलेली यादी, तिच्यानंतरच्या याद्या आणि खरात, डहाणूकर, राऊत व घाटे यांनी 2003 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास शेजारी ठेवून वाचला, तर एकेक नाव गळत गेल्याचे स्पष्ट दिसते.

गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या पुलाखाली पहाटे एका वृद्ध मासेमाराची पाटी मी पाहिली. पाटीत बहुतेक चिलापीच होती, तळहाताएवढी, करड्या पाठीची. तिच्याखाली दोन-तीन सायप्रिनस. आणि ओल्या फडक्यात वेगळी गुंडाळून ठेवलेली एकच मरळ, कारण मरळीचे गिऱ्हाईक निराळे आणि तिचा भावही निराळा. मी विचारले, ‘‘मामा, घोगरा बघून किती वर्षं झाली?’’ त्यांनी जाळ्यातला काडीकचरा वेचता वेचता क्षणभर हात थांबवला. ‘‘थोरल्याचं लगीन झालं त्या साली निघाला हुता एक. हातात धरला की घुरघुरायचा बगा.’’ मग शिंगटा, वाम, शिवडा अशी एकेक नावे निघाली, आणि प्रत्येक नावाला तसाच एकेक घरगुती संवत्सर जोडलेला होता: धाकटीच्या बारशाचा, बहात्तरच्या दुष्काळाचा, पात्रात मोटर बसवली त्या वर्षाचा. आपल्या नदीच्या माशांचा अखेरचा इतिहास हा असा एका माणसाच्या स्मरणात, त्याच्या लेकरांच्या लग्नांच्या आधाराने साठवलेला आहे. तो माणूस गेला की तोही जाईल, ही जाणीव त्या सकाळी मला फार बोचली.

अशा वेळी विज्ञानाने एक नवे साधन आपल्या हाती दिले आहे, आणि ते साधन शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांनी विनाविलंब स्वीकारावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. त्याला पर्यावरणीय डीएनए असे म्हणतात. पाण्यात वावरणारा प्रत्येक मासा आपल्या अंगावरची बुळबुळीत लस, खवल्यांचे कण, विष्ठा, अंडी आणि रेत यांच्या रूपाने आपला अंश सतत पाण्यात सोडत असतो, आणि त्या प्रत्येक अंशात त्या जातीची कुळकथा सांगणारे डीएनएचे सूक्ष्म तुकडे असतात. मासा दिसला नाही, जाळ्यात आला नाही, गळाला लागला नाही, तरी त्याने सोडलेले हे तुकडे काही दिवस पाण्यात टिकून राहतात. ते पाण्यातून गाळून काढायचे, वाचायचे आणि त्यावरून येथे कोण राहून गेले याचा छडा लावायचा, इतकीच या पद्धतीची मूळ कल्पना आहे.

प्रत्यक्ष काम पाहिले तर ते इतके साधे आहे की पाहणाऱ्याला विश्वास वाटू नये. हातमोजे घालून माणूस पाण्याच्या काठाशी जातो, स्वतः प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा राहतो, कारण पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येता कामा नये, आणि निर्जंतुक बाटलीत 1 लिटर पाणी भरून घेतो. ते पाणी हातपंपाने किंवा छोट्या यंत्राने एका पांढऱ्या, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या चकतीतून ओढले जाते. त्या चकतीची छिद्रे बहुधा 0.45 मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनही लहान असतात. डोहाचे स्वच्छ पाणी असेल तर ती चकती फिकट पिवळसर होते. भीमेचे पाणी असेल तर अर्धा लिटर जायच्या आतच ती काळपट होऊन तुंबते आणि दुसरी घ्यावी लागते. मग चिमट्याने ती चकती उचलून, घडी घालून, मद्यार्काच्या कुपीत ठेवतात. कुपीवर तारीख, वेळ, जागा लिहितात. शेवटी शुद्ध पाण्याची एक बाटलीही त्याच काठावर, त्याच हातांनी, त्याच रीतीने गाळली जाते. त्या कोऱ्या नमुन्यात जर एखादा मासा निघाला, तर आपल्याच हाताची किंवा साहित्याची अशुद्धी झाली असे समजून सगळी खेप संशयास्पद ठरवायची, असा या शास्त्राचा कडक दंडक आहे.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. चकतीवर अडकलेला डीएनए वेगळा करून त्याचा एक ठरावीक भाग यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. 30 फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. माशांसाठी जपानी संशोधकांनी 2015 साली सिद्ध केलेली एक पद्धत आज जगभर वापरात आहे. पेशीतल्या सूत्रकणिकांच्या डीएनएमधला सुमारे 170 अक्षरांचा एक लहानसा उतारा ती वाचते, आणि तेवढ्या उताऱ्यावरून बहुतेक जाती एकमेकींपासून ओळखता येतात. एका बाटलीतून एकाच वेळी दहा-वीस-तीस जातींची नावे निघू शकतात, तीही एकाही माशाला जाळ्यात न घालता.

ही कल्पना आता प्रयोगाच्या पायरीवर राहिलेली नाही. फ्रान्समध्ये 2008 साली तळ्यांच्या पाण्यावरून परकीय बेडकाचा माग काढता आला, तेथून या विद्येचा जलचरांच्या बाबतीत खरा आरंभ झाला. अमेरिकेत शिकागोजवळच्या कालव्यांतून परकीय कार्प मासे महासरोवरांकडे सरकत आहेत की काय, याचा शोध घेताना जाळ्यांना जे सापडले नाही त्याची चाहूल पाण्याच्या बाटल्यांनी आधी दिली. आणि ज्या चंदेरी कार्पचे भय तेथे बाळगले जाते तो आपल्याकडे तळ्यांत हौसेने सोडला जातो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये 2014 पासून संरक्षित ‘न्यूट’ या उभयचराच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून तळ्याच्या पाण्याची अशी परीक्षा सरकारी यंत्रणा ग्राह्य धरते. आपल्या देशात हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी चिलिका सरोवराच्या पाण्यावर या पद्धतीने काम केले आहे. पुण्यात तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, आयसर आहे, विद्यापीठ आहे. दौंडहून पुण्याला लोकलसारखी धावणारी गाडी आहे. नमुना सकाळी काढला तर दुपारी प्रयोगशाळेत पोहोचेल, इतकी अनुकूलता फार थोड्या नद्यांच्या नशिबी असते.

तरीही नव्या साधनाची भलावण करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा ठरेल. पाण्यातला डीएनए मासे किती आहेत ते नेमके सांगत नाही. फार तर कमी-अधिकाचा अंदाज देतो. मासा लहान की मोठा, पोटात अंडी आहेत की नाहीत, तो निरोगी की रोगट, यावर तो मूक राहतो, आणि मेलेल्या माशाचा अंश व जिवंत माशाचा अंश यांत भेद करणेही कठीण असते. ऊन, उष्मा आणि जिवाणू यांनी हे तुकडे लवकर नष्ट होतात, म्हणून वैशाखातल्या उथळ पाण्यात खरोखर असलेला मासाही निसटू शकतो. आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून व गाळातून येणारी आम्ले प्रयोगशाळेतली ती दुप्पट होण्याची क्रियाच रोखून धरतात. शिवाय नदी वाहती आहे. दौंडच्या पुलाखाली भरलेल्या बाटलीत दौंडचेच मासे असतील असे नाही. वरच्या अंगाला घोड भीमेला मिळालेली असते, त्याआधी मुळा-मुठा, इंद्रायणी, भामा, वेळ मिळालेल्या असतात, आणि त्या सर्वांची खबर थोड्याबहुत प्रमाणात त्या बाटलीत उतरलेली असते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र नावांची आहे, आणि येथे शिरूरच्या त्या माशाची मला पुन्हा आठवण होते. यंत्र पाण्यातला उतारा वाचते आणि तो संदर्भ-संग्रहातल्या उताऱ्यांशी ताडून पाहते. संग्रहात ज्या जातीचा उतारा नाही, तिला यंत्र ओळखू शकत नाही; आणि संग्रहात एखाद्या जातीवर चुकीचे नाव लिहिले गेले असेल, तर यंत्र तीच चूक शंभर नमुन्यांत शंभरदा निष्ठेने लिहील. मुस्सुल्ला म्हणजे महसीर, असे समजून कोणी एखाद्या महसीराचा डीएनए त्या नावाखाली नोंदवून ठेवला असेल, तर उद्या घोडनदीच्या पाण्यातून जो निष्कर्ष निघेल तो साइक्सच्या माशाबद्दल काहीएक सांगणार नाही. म्हणून पाण्याच्या बाटल्या भरण्याआधी, निदान त्यांच्या जोडीने, या नद्यांतल्या प्रत्येक माशाचा एकेक नमुना जाणत्या मत्स्यशास्त्रज्ञाने हातात घेऊन, काटे आणि खवले मोजून, नीट ओळखून, त्याचा डीएनए आणि त्याचा देह दोन्ही जपून ठेवले पाहिजेत. हे काम किचकट आहे, त्यात कीर्ती नाही, आणि त्याला द्रव्यबळ मिळवणे अवघड जाते. पण त्याच्यावाचून बाकीचे सारे वाळूवर उभे राहील.

नावांची गफलत केवळ पुस्तकी राहत नाही, हे कावेरीने दाखवून दिले आहे. लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात आपल्या खुद्री महसीराची पैदास यशस्वी झाली, ही मोठीच अभिमानाची गोष्ट. परंतु तेथले बीज दूरवरच्या कावेरीत नेऊन सोडले गेले, तेथे ते फोफावले, आणि कावेरीचा स्वतःचा उंच पाठीचा महसीर, जो केवळ त्याच खोऱ्यात सापडतो, तो विनाशाच्या कडेला येऊन पोहोचला. त्या कावेरीच्या माशाला नेमके शास्त्रीय नाव कोणते, याचा उलगडाही 2018 साली झाला, म्हणजे त्याची जागा हिरावली गेल्यानंतर. आपल्याकडेही दर पावसाळ्यात हार-तुरे घालून मत्स्यबीज नदीत सोडले जाते. त्याआधी त्या पाण्यात कोण आहे हे पाहून ठेवण्याची सक्ती असावी, आणि बीजाच्या पिशवीतल्या पाण्याचीही तीच परीक्षा व्हावी, असे मला वाटते. कारण बंदी असलेला आफ्रिकी मांगूर शेततळ्यांतून चोरून वाढवला जातो, उजनीच्या परिसरात शासनाला अशी तळी नष्ट करावी लागली आहेत, आणि पिशवीतून वा पुरातून तो नदीत शिरला तर जाळ्यात येण्याच्या पुष्कळ आधी त्याची चाहूल पाण्यातूनच लागेल.

या पद्धतीत एक अडचण अशी आहे की जी मला अडचणीहून अधिक काही वाटते. जगात शहरांखालच्या नद्यांचे पाणी असे तपासले गेले, तेव्हा कित्येक ठिकाणी समुद्रातल्या माशांची नावेही निघाली आहेत. कारण उघड आहे: शहरात लोक मासे खातात, मोरीत भांडी धुतली जातात, मैलापाणी नदीला मिळते. पुण्याच्या बाजारात रत्नागिरीची सुरमई, पापलेट, बांगडा रोज येतो. तेव्हा मुळा-मुठा भीमेला मिळते त्या पारगावच्या खाली भरलेल्या बाटलीत सुरमईचा डीएनए निघाला तर अभ्यासकाने तो माशांच्या यादीतून वगळावा हे बरोबर. परंतु तो फेकून देऊ नये, अशी माझी विनंती आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पूर्वेला वाहणाऱ्या नदीत सुरमईची निशाणी सापडणे हा शहराच्या सांडपाण्याचा असा साक्षीदार आहे की ज्याची उलटतपासणी करणे कोणालाही सोपे जाणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ दौंडला भीमेचे पाणी नियमित तपासते, त्यातला विरघळलेला प्राणवायू आणि प्राणवायूची जैविक मागणी मोजते, ते आवश्यकच आहे. त्याच बाटलीबरोबर आणखी एक बाटली भरली, तर पाणी कसे आहे यासोबत त्या पाण्यात कोण जगते आहे, हेही एकाच फेरीत कळेल.

आरंभ कोठे करावा, असे मला कोणी विचारले तर मी शिरूर तालुक्यातले रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातले पारगाव यांचे नाव घेईन. येथे मुळा-मुठा भीमेला मिळते. संगमाच्या वर भीमेत एक बाटली, वर मुळा-मुठेत एक, आणि दोन्ही पाणी एकजीव झाल्यावर खाली एक, अशा तीन बाटल्या वर्षातून तीनदा भरल्या, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस डोह तेवढे शिल्लक असताना, मृगाच्या पहिल्या पाण्यानंतर चढणीचे मासे निघतात तेव्हा, आणि दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर, तर तीन-चार वर्षांत कोणती नदी काय घेऊन येते आणि कोणता मासा कोठे थांबतो याचा असा तपशील हाती येईल की जो आजवर कोणाकडे नव्हता. त्यांच्या जोडीला कुकडीवर निघोज आणि टाकळी हाजी यांच्यामधल्या रांजणखळग्यांत एक ठिकाण धरावे. कातळातल्या त्या खोल कुंडांत उन्हाळाभर पाणी राहते, आणि बाकीचे पात्र आटले असता मासे आश्रयाला येत असतील तर अशाच ठिकाणी. एक ठिकाण शिरूर गावाच्या वर, एक चिंचणीच्या धरणाखाली, एक दौंडच्या पुलापाशी, आणि एक उजनीच्या फुगवट्याच्या तोंडाशी.

ही बाटली कोणी भरावी? माझे उत्तर स्पष्ट आहे: काठावरच्या भोयांनी. पाणी गाळायला माशांची पकड लागत नाही, म्हणून मासेमारांचीही गरज उरली नाही, असा अर्थ जर या पद्धतीतून कोणी काढील तर तो फार मोठी चूक करील. डोह कोठे आहे, झरा कोठे लागतो, पाणी कोणत्या दिवशी वास मारते, बंधाऱ्याचे ढापे कधी निघाले, हे त्यांना माहीत असते, आणि यंत्राने सांगितलेले नाव विश्वासार्ह आहे की नाही याची पहिली रुजवात तेच घालू शकतील. त्यांच्या मच्छीमार सोसायट्यांतल्या तरुणांना चार दिवसांचे शिक्षण द्यावे, नमुन्यामागे रीतसर मेहनताना द्यावा, आणि निष्कर्ष मराठीत, मासेमारांच्या तोंडी असलेल्या नावांनिशी, ग्रामसभेत वाचून दाखवावा. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही आधीच सांगितलेली आहे. अशा नोंदवह्यांची कल्पना ज्या माधव गाडगीळांनी रुजवली ते पुण्याचेच. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा भरून कपाटात ठेवली गेली, ही तक्रार नवी नाही. पाण्याची दरवर्षीची परीक्षा त्या वहीत उतरू लागली, तर तिला दरवर्षी उघडणे भाग पडेल. एक खबरदारी तेवढी हवी: दुर्मीळ मासा निघाला तर त्याचे नाव जाहीर करावे, डोहाचे नाव करू नये, कारण जिलेटिनचे स्फोट करणारे आणि पाण्यात विजेचा प्रवाह सोडणारे लोकही वर्तमानपत्र वाचतात.

नदीत मासे मरून तरंगू लागले की आपल्याकडे अधिकारी येतात, पाणी बाटलीत घेतात आणि पंचनामा होतो. त्या पंचनाम्यात किती मासे मेले हे अंदाजाने लिहिले जाते. आदल्या दिवशी तेथे कोणकोणत्या जाती जिवंत होत्या हे लिहायला कोणापाशी आधारच नसतो, आणि म्हणून नुकसान नेमके काय झाले हे कधी सिद्ध होत नाही, भरपाई ठरत नाही, प्रकरण मिटते. वर्षाला तीन वेळा काढलेल्या नमुन्यांची वही असेल, तर पहिल्यांदाच त्या पंचनाम्याला मागचे पान मिळेल.

येत्या वैशाखात घोडनदीचे पात्र उघडे पडून डोह तेवढे उरतील. शिरूरच्या पुलाच्या वर, गावाचे पाणी मिळण्याआधी, त्या डोहाच्या काठी कोणी हातमोजे घालून बसावे, 1 लिटर पाणी त्या पांढऱ्या चकतीतून ओढावे, आणि कुपीवर लिहावे: घोडनदी, शिरूर. साइक्सच्या माशाचा खरा, नीट ओळखलेला उतारा तोवर संग्रहात असेल, तर ज्या जागेवरून त्याचे नाव जगात गेले त्या जागेच्या पाण्यात तो अजून आहे की नाही, हे आपल्याला पावसाळ्यापूर्वी कळू शकेल.